‘अवतार’मधला ‘द गुरू’ एपिसोड: आंगची सात चक्रं खरंच आपल्या योगशास्त्रातली आहेत का?

बारा वर्षांचा आंग एका ओस पडलेल्या मठात गुरूसमोर बसलाय. त्याने स्वतःची भीती पाहिली, अपराधीपणा पाहिला, आपली सगळी माणसं मारली गेल्याचं दुःख पुन्हा एकदा सोसलं. सहा पायऱ्या पार झाल्या. आता शेवटची. गुरू सांगतो, या जगाशी तुला बांधून ठेवणारं जे काही आहे ते सोडून दे. आंगच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो, कटाराचा. आणि इतका वेळ मुकाट ऐकणारं पोर गुरूवर चिडतं. तीन चक्रांपूर्वी प्रेम चांगलं होतं, मग आता ते वाईट कसं झालं?

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या गाजलेल्या ॲनिमेटेड मालिकेतला ‘द गुरू’ हा एपिसोड या एका प्रश्नाभोवती फिरतो. एपिसोड येऊन बरीच वर्षं झाली, पण त्यातल्या सात चक्रांच्या क्लिप आजही फिरत असतात. कुणी त्याला ‘लहान मुलांच्या कार्टूनमधली थेरपी’ म्हणतं, तर कुणी ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ म्हणून शेअर करतं. यातलं खरं काय? आणि एपिसोड म्हणून तो आहे कसा? समजून घेऊया.

(पुढे मालिकेच्या शेवटापर्यंतची गोष्ट उघड होणार आहे. पाहिली नसेल तर आधी पाहून या.)

आधी थोडं मागचं

मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीएत्झ्को या दोघांनी ही मालिका तयार केली. निकलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ला ती सुरू झाली आणि १९ जुलै २००८ ला संपली. तीन सीझन, एकूण ६१ एपिसोड. सीझनला इथे ‘बुक’ म्हणतात: पाणी, पृथ्वी आणि अग्नी. मालिकेला २००८ चा पीबडी पुरस्कारही मिळाला.

गोष्ट अशी. जगात चार राष्ट्रं आहेत: जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू. प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना आपापलं तत्त्व हवं तसं वळवता येतं. याला मालिकेत ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वं वळवू शकतो तो फक्त अवतार. तो मेला की पुढच्या राष्ट्रात पुन्हा जन्म घेतो. आंग हा वायू राष्ट्रातला अवतार. जबाबदारीच्या भीतीने तो घरातून पळतो, वादळात सापडतो आणि शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो. बाहेर येतो तेव्हा अग्नी राष्ट्राने जग गिळायला घेतलेलं असतं आणि त्याच्या स्वतःच्या लोकांपैकी एकही जिवंत उरलेला नसतो.

मालिका अमेरिकेत लिहिली गेली, पण तिचं जग आशियातलं आहे. वायू राष्ट्राचे भिक्षू तिबेटी बौद्ध परंपरेवर बेतलेत. आंग हाच अवतार आहे हे तो लहानपणी कोणती खेळणी उचलतो यावरून ओळखलं जातं, जशी दलाई लामांच्या पुनर्जन्माची परीक्षा घेतात तसं. पाणी वळवण्याच्या हालचाली ताय-ची या चिनी युद्धकलेतून घेतल्यात, तर हवेच्या बाग्वाझांगमधून. आणि मालिकेच्या नावातला ‘अवतार’ हा शब्द तर आपल्याला वेगळा सांगायलाच नको.

एपिसोडमध्ये काय घडतं?

‘द गुरू’ हा दुसऱ्या सीझनचा १९ वा एपिसोड. अमेरिकेत १ डिसेंबर २००६ ला तो दाखवला गेला, त्याच रात्री सीझनचा शेवट ‘द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी’सुद्धा.

एपिसोड सुरू होतो तेव्हा सगळे पांगलेले आहेत. आंग आपल्या उडणाऱ्या, सहा पायांच्या बायसनवर बसून पूर्वेच्या मठात गेलाय. (बायसनचं नाव ‘अप्पा’. मराठी प्रेक्षकाला पहिल्यांदा हसू येतंच.) सोका बऱ्याच काळाने वडिलांना भेटायला गेलाय. टॉफ आईचं पत्र आलं म्हणून गेली आणि लोखंडी पेटीत कैद झाली. कटारा राजधानी बा सिंग सेमध्ये राजाच्या मदतीला थांबलीय. त्याच शहरात शत्रू राजपुत्र झुको आणि त्याचा काका आयरो नाव बदलून राहतायत आणि त्यांनी नवीन चहाचं दुकान उघडलंय.

आंगला मठात बोलावलंय गुरू पथिकने. हा पथिक वायू राष्ट्राचा स्नेही, आंगला लहानाचं मोठं करणाऱ्या भिक्षू ग्यात्सोचा मित्र. म्हणजे वय शंभरच्या बरंच पुढे. आंगची अडचण ही की ‘अवतार स्टेट’ नावाची त्याची अफाट शक्ती त्याच्या ताब्यात नाही. ती रागात, दुःखात आपोआप जागी होते आणि समोर कोण आहे हे बघत नाही. ही शक्ती स्वतःच्या इच्छेने वापरायची तर सात चक्रं उघडावी लागतील, असं गुरू सांगतो. एकदा सुरू केलं की मध्येच सोडता येणार नाही, हेही बजावतो.

मग तो आंगला कांदा आणि केळ्याचा ज्यूस पाजतो. आंग तो थुंकून टाकतो. इथून धडा सुरू.

झऱ्यातली डबकी

चक्र म्हणजे काय हे गुरू झऱ्याकाठी समजावतो. पाणी वाहत वाहत एका खळग्यात येतं, तिथे गोल फिरतं आणि पुढच्या खळग्यात जातं. शरीरातली ऊर्जाही तशीच वाहते, आणि हे खळगे म्हणजे चक्रं. पण खळग्यात शेवाळ, पालापाचोळा साचला तर पाणी अडतं. गुरू काठीने शेवाळ बाजूला करतो आणि पाणी पुन्हा वाहू लागतं.

एवढंच. ना संस्कृत शब्द, ना गूढ प्रवचन. नऊ-दहा वर्षांच्या प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात समजेल असं हे दृश्य आहे. योगावरच्या अनेक जाड पुस्तकांना जमत नाही ते इथे एका काठीने होतं.

सात चक्रं, एकेक करून

१. पृथ्वी: पाठीच्या कण्याच्या तळाशी. जगण्याशी संबंधित, अडथळा भीतीचा. आंगला जमिनीत गाडली जाणारी कटारा दिसते, अग्नी राष्ट्राचा सम्राट दिसतो. गुरू सांगतो, ही भीती आहे, तिला वाहून जाऊ दे.

२. जल: सुखाशी संबंधित, अडथळा अपराधीपणाचा. आपण पळून गेलो आणि मागे सगळं संपलं, आपल्या हातून माणसं मेली, हे आंगला बोचत असतं. गुरू ‘तुझी चूक नव्हती’ असं म्हणत नाही. ते घडलं हे मान्य कर आणि स्वतःला माफ कर, असं म्हणतो. या दोन गोष्टींत फरक आहे आणि मालिका तो नेमका पकडते.

३. अग्नी: पोटाशी. इच्छाशक्तीशी संबंधित, अडथळा शरमेचा. आग वळवायला शिकताना आंगने चुकून कटाराचे हात भाजले होते. तेव्हापासून त्याने आगीला हातच लावायचा नाही असं ठरवलंय. अवतार आहेस म्हणजे आगही तुझाच भाग आहे, तो नाकारून तोल सापडणार नाही, असं गुरू त्याला सुनावतो. हे चक्र जेमतेमच उघडतं आणि त्यावर एक विनोदही होतो.

४. वायू: हृदयात. प्रेमाशी संबंधित, अडथळा दुःखाचा. सगळ्यात जड दृश्य हेच. आंगला त्याचे भिक्षू दिसतात आणि एकेक करून विरून जातात. त्यांचं प्रेम जगातून गेलेलं नाही, ते नव्या रूपात पुन्हा तुझ्यापाशी आलंय, असं गुरू म्हणतो. विरलेल्या आकृतींच्या जागी कटारा दिसते. आंग डोळे पुसतो.

५. नाद: घशाशी. सत्याशी संबंधित, अडथळा खोट्याचा, विशेषतः स्वतःशी बोललेल्या खोट्याचा. आपण अवतार आहोत हे आंगने मित्रांपासून सुरुवातीला का लपवलं होतं? कारण त्याला ते व्हायचंच नव्हतं.

६. प्रकाश: कपाळावर. अंतर्दृष्टीशी संबंधित, अडथळा भ्रमाचा. सगळ्यात मोठा भ्रम वेगळेपणाचा, असं गुरू म्हणतो. चार राष्ट्रं वेगळी वाटतात पण ती एकच आहेत. तत्त्वंही तशीच. धातू म्हणजे तरी काय, शुद्ध केलेली मातीच.

७. विचार: माथ्यावर. विश्वातल्या शुद्ध ऊर्जेशी संबंधित, अडथळा ऐहिक आसक्तीचा. इथे गाडी अडते.

यातलं आपलं किती, त्यांचं किती?

आता क्लिपसोबत येणाऱ्या ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ या कॅप्शनकडे वळूया. ते अर्धं बरोबर आहे.

चक्रांच्या जागा, त्यांचा क्रम आणि त्यांची तत्त्वं भारतीय परंपरेतूनच आलीत. आज जगभर ओळखली जाणारी मांडणी मुख्यतः ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथातली. पूर्णानंदांनी तो १५७७ मध्ये बंगालमध्ये लिहिला. त्यात मूलाधार पृथ्वीचं, स्वाधिष्ठान जलाचं, मणिपूर अग्नीचं, अनाहत वायूचं आणि विशुद्ध आकाशाचं. मालिकेतली पहिली चार चक्रं याच क्रमाने येतात. पाचवं तिथे ‘नाद’ आहे, पण तेही फार दूर नाही. भारतीय तत्त्वज्ञानात आकाशाचा गुण शब्द, म्हणजेच ध्वनी मानला जातो आणि विशुद्ध चक्र कंठातच आहे. सहावं आज्ञाचक्र भुवयांच्या मध्ये, सातवं सहस्रार माथ्यावर. ग्रंथाच्या नावात ‘षट्’ म्हणजे सहा का? कारण तिथे सहस्रार हे चक्रांच्या पलीकडचं स्थान आहे.

सहा अधिक एक हा आकडाही सगळीकडे सारखा नाही. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ चक्रं सांगितलीत. नाथ संप्रदायाशी महाराष्ट्राचं नातं थेट आहे. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव अशी ती परंपरा. १२९० च्या ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचं सविस्तर वर्णन येतं, ते या परंपरेतूनच. म्हणजे हा विषय मराठीत सातशेपेक्षा जास्त वर्षं आहे.

मग त्यांचं काय? भीती, अपराधीपणा, शरम, दुःख, खोटं, भ्रम, आसक्ती ही अडथळ्यांची यादी. ती जुन्या ग्रंथांत अशी सापडत नाही. काही तांत्रिक ग्रंथांत चक्राच्या प्रत्येक पाकळीशी एक वृत्ती जोडलेली असते हे खरं. पण मणिपूराच्या दहा पाकळ्यांच्या वृत्तींमध्ये लज्जाही येते आणि भयही. म्हणजे ‘एका चक्राला एक भावना’ असा हिशोब तिथे नाही.

हा हिशोब विसाव्या शतकातला आहे. आधी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर ॲव्हलॉन’ या नावाने १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ हे पुस्तक काढलं. त्यात ‘षट्चक्रनिरूपण’चा इंग्रजी अनुवाद होता. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट सी. डब्ल्यू. लेडबीटर यांचं चक्रांवरचं पुस्तक आलं. पुढे पाश्चात्य देशांत चक्रं आणि मानसशास्त्र यांची सांगड घालायला सुरुवात झाली. या धाटणीतल्या महत्त्वाच्या अमेरिकन लेखिका म्हणजे अनोडिया ज्युडिथ. त्यांच्या १९९६ च्या ‘ईस्टर्न बॉडी, वेस्टर्न माइंड’ या पुस्तकात प्रत्येक चक्राचा एक ‘राक्षस’ आहे: भीती, अपराधीपणा, शरम, दुःख, खोटं, भ्रम, आसक्ती. मालिकेतली यादी याच्याशी शब्दाला शब्द आणि क्रमाला क्रम जुळते.

हेतूही बदलतो. हठयोगात श्वास, मुद्रा, बंध, मंत्र यांच्या आधारे कुंडलिनी वर नेणं आणि शेवटी मुक्ती हे ध्येय. आंगचा गुरू मुक्तीबद्दल बोलत नाही, कुंडलिनीचं नावही घेत नाही. तो आंगला आठवणींसमोर बसवतो, त्या काय आहेत हे त्याच्या तोंडून वदवतो आणि मग सोडायला सांगतो. ही पद्धत समुपदेशनाच्या जास्त जवळ आहे.

म्हणून एपिसोड खोटा ठरत नाही. तो जे सांगतो ते माणसाला उपयोगी पडतं, म्हणून तर लोक ते शेअर करतात. फक्त सांगाडा आपला आणि त्यावरचं मांस अमेरिकेतलं, एवढं माहीत असलेलं बरं. पुढच्या वेळी कुणी ‘तुमचं जलचक्र ब्लॉक आहे, गिल्टमुळे, हे वेदांत लिहिलंय’ असं सांगून कोर्स विकायला आला तर ही माहिती कामाला येईल.

पथिक: गुरू की गंमत?

पथिकला आवाज दिलाय ब्रायन जॉर्ज यांनी. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण ‘द बिग बँग थिअरी’मधले राजचे वडील आठवतात? तेच. ‘साइनफेल्ड’मधला पाकिस्तानी हॉटेलवाला बाबू भट्टही तेच. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या या अभिनेत्याने अमेरिकन टीव्हीवर दक्षिण आशियाई पात्रं वारंवार केलीत. पथिकचा उच्चार त्याच ठेक्यातला आहे.

चीन, जपान, तिबेट यांच्या परंपरा इतक्या बारकाईने वापरणाऱ्या मालिकेत भारतीय छापाचं ठळक पात्र हेच आणि ते म्हणजे दाढीवाला, विचित्र ज्यूस पिणारा योगी. साचेबद्ध आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला नुसता विनोद करून सोडलेलं नाही, हेही तितकंच खरं. चौथ्या चक्राच्या वेळी त्याचा सूर बदलतो, आणि त्या क्षणी उच्चाराकडे लक्ष जात नाही. आंगला त्याच्या मेलेल्या माणसांबद्दल, त्यांना ओळखणारा कुणीतरी पहिल्यांदाच काही सांगत असतो.

बाकीच्यांचं काय चाललंय?

एपिसोडचं खरं कसब इथे आहे. गुरू आंगला जे शिकवतो ते बाकीच्यांच्या गोष्टींत त्याच वेळी घडत असतं.

सगळ्यात उघड उदाहरण टॉफचं. जन्मतः आंधळी, मातीच्या कंपनांवरून जग ‘पाहणारी’ ही मुलगी लोखंडी पेटीत बंद आहे. माती वळवणाऱ्याला धातू वळवता येत नाही, हा त्या जगातला पक्का समज. गुरू धातूबद्दल बोलतो आणि दृश्य टॉफवर जातं. ती पेटीच्या भिंतीवर हात ठेवते, लोखंडातले मातीचे बारीक कण तिला जाणवतात आणि ती पत्रा फाडून बाहेर येते. तिला कुणी गुरू नाही, ध्यान नाही. जे आंगला तत्त्वज्ञान म्हणून ऐकावं लागलं, ते तिने गरजेपोटी बोटांनी शोधलं. पुढे २०१२ मध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ कोरा’ या मालिकेत धातू वळवणाऱ्यांचं अख्खं पोलीस दल दिसतं, त्याचं मूळ या क्षणात आहे.

टॉफ पकडली गेली ती आईच्या खोट्या पत्रामुळे. म्हणजे आसक्तीमुळेच. सोकाची गोष्ट बरोबर उलटी. वडिलांच्या तंबूपर्यंत जाताना त्याच्या पोटात गोळा येतो. पण तंबूत शिरल्यावर वडील त्याला मिठी मारतात, बरोबरीचा लढवय्या म्हणून वागवतात. इथे आसक्ती माणसाला उभं करते. सोकाला हवं होतं ते मिळतं आणि नेमकं तेव्हाच आंग त्याला न्यायला येतो.

कटारा भ्रमाला बळी पडते. चहाच्या दुकानात तिला झुको दिसतो. ती धावत जाऊन हे मैत्रिणींना, क्योशी योद्ध्यांना सांगते. पण त्या वेशात झुकोची बहीण अझुला बसलेली असते. ओळखीच्या कपड्यांवर आणि रंगवलेल्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवला, तिथेच चुकलं. आणि ज्या झुकोला ती धोका समजली, तो त्या दिवशी खरंच फक्त काकाला चहा विकायला मदत करत होता.

मग सातवं चक्र का अडलं?

आता मूळ प्रश्न. आंगचा आक्षेप चुकीचा आहे का? अजिबात नाही. चौथ्या चक्राला गुरूनेच कटाराला ‘परत आलेलं प्रेम’ म्हणून दाखवलं. सातव्याला तिलाच सोडायला सांगितलं. बारा वर्षांच्या मुलाला ही फसवणूक वाटली तर नवल नाही. त्याने एकदा सगळं गमावलंय. आता जे उरलंय तेही स्वतःच्या हाताने सोडून द्यायचं?

गुरूची बाजूही आपल्याला अनोळखी नाही. प्रेम आणि आसक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कीर्तनापासून आजीच्या बोलण्यापर्यंत ऐकायला मिळतं. सोडणं म्हणजे टाकून देणं नव्हे, ‘माझ्याशिवाय तिचं आणि तिच्याशिवाय माझं काही होणार नाही’ ही धरलेली मूठ उघडणं. प्रपंच की परमार्थ हा वाद मराठी माणसाने शतकानुशतकं घातलाय. एकनाथ, तुकाराम यांच्यासारखे आपले मोठे संत तर संसारी होते. त्यामुळे ‘दोन्ही एकत्र कसं’ हा आंगचा प्रश्न आपल्याला पोरकट वाटू नये.

गुरूची चूक सांगण्याच्या पद्धतीत दिसते. हा फरक तो समजावत नाही. ‘सोडायला शिक, नाहीतर ऊर्जा येणार नाही’ इतकंच सांगतो. आंग डोळे मिटतो आणि ताऱ्यांमधल्या एका प्रकाशवाटेवर चालू लागतो. समोर त्याचंच तेजाळलेलं, अवाढव्य रूप आहे. आणि तेवढ्यात त्याला कटारा संकटात दिसते. वाट तुटते, तो खाली पडतो. आत्ता गेलास तर अवतार स्टेटमध्ये अजिबात जाता येणार नाही, असं गुरू सांगतो. आंग तरीही अप्पावर बसून निघतो.

याच मालिकेत दुसरा एक गुरू आहे, आयरो. त्याने तरुण मुलगा युद्धात गमावलाय. चारच एपिसोड आधी, ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’मध्ये, त्याचं रडणं आपण पाहिलेलं असतं. तो पुतण्याला एकही चक्र शिकवत नाही. चहा करतो, वाट बघतो. मालिकेचा कल कुणाकडे आहे हे ती बोलून दाखवत नाही, पण शेवटी कोणाचं शिकवणं फळाला येतं हे बघितलं की कळतं.

पुढे काय झालं?

लगेच पुढच्या एपिसोडमध्ये, सगळीकडून घेरला गेल्यावर आंग स्फटिकांच्या गुहेत ध्यानाला बसतो आणि कटाराला मनातून सोडतो. सातवं चक्र उघडतं. तो तेजाने उजळून हवेत उठतो आणि त्याच क्षणी अझुला त्याच्या पाठीत वीज मारते. आंग मरतो. उत्तर ध्रुवावरून जपून आणलेलं पवित्र पाणी वापरून कटाराच त्याला परत आणते. ज्या नात्याला अडथळा म्हटलं, त्यानेच जीव वाचवला. लेखकांनी गुरूला उत्तर दिलं म्हणायचं तर ते हेच.

खरा गोंधळ शेवटी होतो. जखमेमुळे बंद झालेली अवतार शक्ती अंतिम लढाईत परत येते ती पाठीवरच्या व्रणात एक दगड घुसल्यामुळे. ध्यान नाही, त्याग नाही, दगड. ‘द गुरू’ने एवढा मोठा प्रश्न उभा केल्यावर हे उत्तर पळवाटेसारखं वाटतं आणि अनेक चाहत्यांना ते आजही पटत नाही. शेवटच्या दृश्यात आंग आणि कटारा एकत्र येतात, तेही आयरोच्या त्याच चहाच्या दुकानात. म्हणजे सोडायचं काहीच नव्हतं का?

या प्रश्नाला लेखक २०१४ मध्ये परत भिडले. ‘कोरा’च्या तिसऱ्या सीझनमध्ये झहीर नावाचा खलनायक आहे. तो गुरू लघिमा या जुन्या वायुवीराच्या शिकवणीचा अभ्यासक. (लघिमा हे अष्टसिद्धींपैकी एकीचं नाव, शरीर हलकं करण्याची सिद्धी.) सगळे ऐहिक बंध सोड, असं ती शिकवण सांगते. झहीरचं जिच्यावर प्रेम असतं ती त्याच्या डोळ्यांसमोर मरते, तेव्हा त्याचा शेवटचा बंध तुटतो आणि तो पंखांशिवाय उडू लागतो. शिकवण पथिकच्या सातव्या चक्राचीच, पण ती पूर्णपणे पाळणारा माणूस किती भयानक होऊ शकतो हे इथे दिसतं. ‘द गुरू’ पाहिल्यावर झहीरची गोष्ट पाहिली तर आंगचा तो चिडका प्रश्न जास्तच खरा वाटतो.

एपिसोड कसा आहे?

उणिवा आहेत. सात चक्रं, चार उपकथा आणि एक राजकीय कट हे सगळं साधारण २३ मिनिटांत कोंबलंय. पाचवं चक्र तर येतं आणि जातं. स्वतःशी बोललेल्या खोट्याबद्दल एवढं मोठं वाक्य टाकून मालिका काही सेकंदांत पुढे सरकते. शिवाय हा एपिसोड एकटा पाहण्यासारखा नाही. मागचं-पुढचं माहीत नसेल तर निम्म्या गोष्टी कळणार नाहीत.

तरीही तो लक्षात राहतो, कारण मुलांच्या मालिकेतल्या नायकाला इथे गुरूचं न ऐकण्याची मुभा आहे. अशा गोष्टींमध्ये साधारणपणे डोंगरावर जायचं, म्हातारा भेटायचा, शक्ती मिळायची आणि नायकाने खाली येऊन खलनायकाला झोडपायचं, असं ठरलेलं असतं. आंग शक्ती न घेताच खाली येतो. त्याची निवड बरोबर होती की चूक, हे एपिसोड ठरवत नाही. त्याची किंमत मात्र तो पुढच्याच एपिसोडमध्ये मोजायला लावतो.

आणि चौथं चक्र. घरातलं माणूस गेल्यावर ‘आता सावर’, ‘विसर’ असं आपल्याला चारही बाजूंनी ऐकू येतं. गुरू पथिक विसरायला सांगत नाही. गेलेल्यांचं प्रेम आता कोणाच्या रूपात तुझ्याजवळ आहे ते बघ, असं म्हणतो. ते वाक्य षट्चक्रनिरूपणात नाही, वेदांतही नाही. दोन अमेरिकन तरुणांनी बनवलेल्या कार्टूनमध्ये आहे. म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

पाहायचा असेल तर

मालिका पहिल्यापासून पाहणं उत्तम. तेवढा वेळ नसेल तर दुसऱ्या सीझनमधले हे पाच एपिसोड या क्रमाने पाहा:

- ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’ (१५ वा): आयरोचं दुःख कळण्यासाठी
- ‘अप्पाज् लॉस्ट डेज’ (१६ वा): गुरू पथिक पहिल्यांदा इथे भेटतो
- ‘द अर्थ किंग’ (१८ वा): सगळे का पांगले ते कळतं
- ‘द गुरू’ (१९ वा)
- ‘द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी’ (२० वा): हा पाहिल्याशिवाय उठू नका

कांदा-केळ्याचा ज्यूस मात्र घरी करून बघू नका. आंगचं तोंड बघितलंत ना?